सहावी ओळ

तुमसर, ८ जून २०२५

प्रिय दादा,

सप्रेम जयभीम. की 'वंदामि भन्ते' लिहायचं असतं? या पहिल्या ओळीपायी दोन कागद फाडले. चीवर घालून भिक्खू झालेल्या भावाला पत्रात काय म्हणायचं, हे मला कोणी शिकवलं नाही. दादाच लिहिते. तिथे कोणी वाचून रागावलं तर सांग, बहिणीला नियम ठाऊक नव्हते.

तू गेल्याला वर्ष होत आलं. मोबाईल जमा करून घेतात, पण पत्र चालतं, असं तुझ्या पोचल्याच्या कार्डावर होतं. तरी मी लिहिलं नाही. लिहायला बसलं की एकच प्रश्न पुढे यायचा आणि तो मला विचारायचा नव्हता. आता दुसरा मिळाला आहे. कॉम्प्युटरचा आहे, तेव्हा तुझ्या नियमांत बसेल असं धरते.

आधी एक सांगायला हवं. तुला वाटत असेल मी नागपुरात पुढचं नर्सिंग शिकते आहे. मी तुमसरातच आहे. इथे एका ट्रस्टचा लहानसा दवाखाना आहे, त्यात स्टाफ नर्स म्हणून लागले. का, ते पुन्हा कधी.

दवाखान्यात महिन्याच्या ड्युट्या कुंता सिस्टर लावतात. त्या आमच्या इन्चार्ज. पांढऱ्या कार्डशीटवर पट्टीने चौकोन आखतात, सकाळ हिरवी, दुपार लाल, रात्र निळी. कागद भिंतीवर लागला की महिनाभर त्यावर खाडाखोड. कोणाची सासू आजारी, कोणाच्या घरी लग्न. पंधरा तारखेपर्यंत ते कार्डशीट जखमेच्या पट्टीसारखं दिसू लागतं. डॉक्टर पटले एका कार्यशाळेला जाऊन आले आणि म्हणाले, हे मोबाईलवर पाहिजे. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. तू मला एकदा सुट्टीत एक्सेल शिकवलं होतंस, एवढं माझं भांडवल.

दादा, हल्ली मोबाईलचं ॲप कसं बनवतात ते तू पाहिलं आहेस का? कोड लिहावा लागत नाही. पडद्यावर चौकोन ओढायचे, हवे तिथे ठेवायचे. एका तक्त्यात माणसं, दुसऱ्यात ड्युट्या, आणि मध्ये एखादं सूत्र घातलं की पहिल्या तक्त्यातली आमची रंजू सिस्टर दुसऱ्या तक्त्यातल्या दुपारी जाऊन बसते. पहिल्यांदा बसली तेव्हा मी चहा घ्यायची विसरले. सात वारांची सात नावं वर, खाली पाच ओळी, पस्तीस चौकोन. एक जून बरोब्बर रविवारी, पहिल्याच चौकोनात. तारखेवर बोट ठेवलं की त्या दिवशीची माणसं खाली उघडतात. मी नुसती उघडत आणि मिटत बसले होते.

आता प्रश्न. रात्रपाळी आठला लागते, सकाळी आठला सुटते. म्हणजे अर्धी चार तारखेची, अर्धी पाचची. ती कोणत्या चौकोनात घालायची? मोबाईलला विचारलं तर तो दोन्हीकडे दाखवतो आणि रंजू सिस्टर घाबरते की दोन रात्री लागल्या.

बाबा बरे आहेत. जेवतात. शाळेच्या पोरांची व्हॅन चालवायचे, ती त्यांनी तू गेल्यावर सोडली. कोणी विचारलं, यादोराव, पोरगा कुठं असतो, तर म्हणतात, "बाहेरगावी."

तुझी,
रीना


तुमसर, ३ जुलै

प्रिय दादा,

तुझं उत्तर नाही. पत्र पोचलं नाही की कॉम्प्युटरही तिथे वर्ज्य आहे?

जुलै लागला आणि माझं सगळं कोसळलं. एक जुलै मंगळवारी आहे. माझ्या कॅलेंडरमध्ये तो रविवारी येऊन बसला, कारण मी पहिला चौकोन म्हणजे एक तारीख असंच ठोकून दिलं होतं. जूनमध्ये ते जमलं, कारण जून स्वतःच रविवारी सुरू झाला होता. मी हुशार नव्हते, महिना चांगला होता.

रिता सिस्टर मंगळवारी सकाळी आली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "रीना, तुया मोबाईलमंदी आज रविवार हाय. मी घरी जाऊ का?" सगळ्या हसल्या. मीही हसले. कुंता सिस्टर हसल्या नाहीत. त्यांनी माझा मोबाईल मागून घेतला, चष्मा वर केला आणि एकेक चौकोन उघडून पाहिला. मग म्हणाल्या, "दिसते त साजरं. फक्त खोटं बोलते." आणि कपाटातून कोरं कार्डशीट काढलं.

महिना दोन घरं पुढे कसा सरकवायचा? व्हिडिओ पाहते, पण त्यातला माणूस इंग्रजीत इतक्या घाईने बोलतो की जणू त्याची गाडी सुटते आहे.

रात्रीचं उत्तर मात्र इथेच मिळालं. मी सगळ्यांना विचारलं, रात्रपाळी कोणत्या तारखेची धरता? रिता म्हणाली, पगाराच्या तारखेची. रंजूने जरा विचार केला. ती एकोडीची, तिचे बाबा तुलाराम तलावात मासे धरतात. म्हणाली, "आमच्याकडं बाबा संध्याकाळी जाळं टाकते, सकाळी ओढते. मासा कोण्या दिवशीचा, कोणी इचारत नाई. पण जाताना जेवणाचा डबा ज्या दिवशी भरला तो दिवस आपला." म्हणून मी रात्र डबा भरण्याच्या दिवसात घातली. बरोबर आहे का?

परवा एक गोष्ट झाली, ती लिहू की नको असं होतं. आपल्या विहारात बाहेरून भिक्खू आले होते. शेजारचे भैय्यालालकाका बाबांना बोलवायला आले. बाबा गेले, पण अर्ध्यातून परतले. मी विचारलं, काय झालं? बाबा चप्पल काढता काढता म्हणाले, "विशीतला पोट्टा होता. सारे मोठे मोठे लोक त्याच्या पाया पडून राहिले." चप्पल कोपऱ्यात लावून म्हणाले, "उद्या आमचाही येईल. मंग म्या बापानं त्याच्या पाया पडाव काय?"

याचं उत्तर तुझ्याकडे असेल तर लिही. नसेल तर महिना सरकवायचं तरी लिही.

रीना


तुमसर, २७ जुलै

दादा,

तुझं कार्ड आलं. चार ओळी.

"एक तारखेचा वार आधी विचार. त्या वाराच्या आधी जितके वार, तितके चौकोन रिकामे सोड. रात्र ज्या दिवशी सुरू होते त्या दिवसाची, रंजूताई बरोबर आहेत. मंगल हो."

मी ते कार्ड डब्याच्या पिशवीत घालून दवाखान्यात नेलं आणि दुपारच्या सुट्टीत सूत्र बदललं. जुलै दोन घरं सरकला आणि मंगळवारी जाऊन बसला. अगदी पाहुण्याला पाट सरकवून द्यावा तसा! मी ओरडलेच. लसीकरणाला आलेलं एक बाळ दचकून रडायला लागलं. ऑगस्टपासून सगळ्यांनी मोबाईलवरच पाहायचं असं डॉक्टरांनी सांगून टाकलं आहे. कुंता सिस्टरनी कार्डशीट गुंडाळून कपाटावर ठेवलं.

आता रागाचं. चार ओळींपैकी तीन चौकोनांवर. मी बाबांचं एवढं लिहिलं आणि तू 'मंगल हो' लिहून मोकळा? बाबा कसे आहेत, एवढं विचारायला कोणत्या नियमाची आडकाठी आहे?

बाबांनी विचारलं, कोणाचं कार्ड आहे? मी म्हटलं, दादाचं. त्यांनी हातात घेतलं, पुढून पाहिलं, मागून पाहिलं, पोस्टाचा शिक्का उजेडात धरला. मग म्हणाले, "अक्षर तेच हाय." आणि टेबलावर ठेवलं. वाचलं की नाही, कळलं नाही.

तर आता तो प्रश्न विचारतेच, कारण चौकोनांचे प्रश्न संपत आले. तू काहून गेलास? आई गेली तेव्हा तू सगळं नीट केलंस. वर्षभर केलंस. नोकरी चांगली होती. भांडण नव्हतं, कर्ज नव्हतं, कोणी पोरगी नाही म्हणाली असंही नव्हतं. एका सकाळी बाबांना सांगितलंस आणि दुपारच्या गाडीने निघालास. मी नागपूरच्या कॉलेजची फी भरायला निघणार होते, त्याच आठवड्यात. बाबा तीन दिवस खाटेवरून उठले नाहीत. मग मी कशी जाणार होते?

हे तुला दुखवायला लिहीत नाही. मला खरंच जाणून घ्यायचं आहे. यंत्र एखादी गोष्ट काहून करतं ते शोधता शोधता सापडतं. माणसाचं कुठे पाहायचं?

रीना


तुमसर, २ सप्टेंबर

दादा,

आज भराभर लिहिते आहे, अक्षर सांभाळून घे.

ऑगस्ट शुक्रवारी सुरू झाला. तू सांगितल्याप्रमाणे मी पहिले पाच चौकोन रिकामे सोडले. पाच आणि एकतीस, छत्तीस. माझे चौकोन पस्तीस. एकतीस तारखेला जागाच उरली नाही आणि ती गुपचूप खाली पडली. महिनाभर एकाही माणसाच्या लक्षात आलं नाही, कारण जे दिसत नाही ते नाही असंच आपण धरतो.

एकतीसला प्रसूती वॉर्डात रंजूची दुपार होती. मीच लावली होती, तक्त्यात आहे. रिताची आठवडाभर सकाळच होती, ती न पाहता आली; रंजूच्या मोबाईलवर मात्र ऑगस्ट तीसला संपला. तिच्या घरी पाच दिवसांचा गणपती असतो, तो त्याच दिवशी तलावात शिरवायचा, विसर्जनाचा होता. तिला वाटलं, रीनाने न सांगता सुट्टी दिली. शनिवारी जाताना मला लाडू देऊन गेली, म्हणाली, "तुले समजलं न मायं मन." मला काय समजलं ते मला कळलं नाही, पण लाडू घेतला.

रविवारी मी घरी होते. जेवणं झाली आणि रिताचा फोन. "रीना, माया टाइम कवाचा झाला. रंजू आली नाई. दोन बाया टेबलावर हायेत, डॉक्टर ऑपरेशनमंदी." मी रंजूला फोन लावला, लागेना. कॅलेंडर उघडलं आणि मग दिसलं. म्हणजे दिसलं नाही. तीसनंतर पडदाच संपत होता.

मी साडी बदलत होते तेव्हा बाबा दारात येऊन उभे राहिले. "काय झालं वं?"

मी दोन वाक्यांत सांगितलं.

"ते पोरगी कुठं हाय?"

"एकोडीला. तलावावर असेल. फोन लागत नाही."

बाबा सरळ भैय्यालालकाकांच्या अंगणात गेले आणि त्यांची व्हॅन मागितली. तू गेल्यापासून ज्या माणसाने चावी हातात धरली नव्हती, त्याने गाडी उलटी काढली, मला दवाखान्याच्या दाराशी सोडलं आणि एकोडीचा रस्ता धरला.

आत काय झालं ते थोडक्यात लिहिते. पहिल्या बाईचं मूल आलं आणि रडलं नाही. रिता आईकडे, मी बाळाकडे. मी त्याच्या तोंडावर मास्क धरून फुगा दाबत होते आणि माझ्या डोक्यात, विश्वास ठेव, तुझी चार ओळींची चिठ्ठी चालली होती. रिकामे सोड, रिकामे सोड. मग ते रडलं. आधी मांजरासारखं, मग खरं. दुसऱ्या बाईचं मूल नीट झालं, पण तिचं रक्त थांबेना. डॉक्टर ऑपरेशन उरकून धावत आले, सुया दिल्या आणि तिला भंडाऱ्याला हलवायचं ठरलं. गाडीत रिता बसली. सकाळी आठपासून ती उभी होती. वॉर्डात मी एकटी, एक बाळ माझ्या हातात, एक आजीच्या, आणि आणखी एक बाई कळा देत आत येते आहे.

बाबा अंधार पडायच्या आत रंजूला घेऊन आले. तिच्या साडीचा काठ ओला होता. तिने हात धुतले, एप्रन चढवला आणि मला म्हणाली, "तू बस आता." मी कपड्यांच्या खोलीत जाऊन खाली बसले.

भंडाऱ्याची बाई वाचली. आज दुपारी रिताने जाऊन पाहिलं, ती उठून बसली आहे. हे मी आधी लिहायला हवं होतं, तू वाचताना श्वास रोखला असशील.

एकोडीला काय झालं ते बाबांनी काल जेवताना सांगितलं. तलावाच्या पाळीवर सारं गाव होतं आणि रंजूचा भाऊ लिलाधर गणपती घेऊन डोंग्यात उभा होता. बाबा काठावरून ओरडले, "रंजू सिस्टर कोण हाय? दवाखान्यातून आलो." तिची आई रेवताबाई पुढे आली. तिने आधी पोरीला पाठवलं आणि मग बाबांना म्हणाली, "इतक्या दुरून आले, दोन घास खा, मंग जा." बाबा म्हणाले, "माय, आमी गणपती मानत नाई." रेवताबाई म्हणाली, "भाताले काय धर्म रायते जी?" बाबांनी उभ्याउभ्या वरणभात खाल्ला. हे सांगताना ते हसले, दादा. मी ताटावरून वर पाहिलं इतकी सवय गेली होती.

तुझा सल्ला चुकीचा नव्हता. पुढून जागा सोडली की मागून कोणीतरी पडणार, हे मी पाहायला हवं होतं.

रीना


तुमसर, २१ सप्टेंबर

प्रिय दादा,

तुझं लांब पत्र आलं. आधी इकडचं सांगते, मग त्याबद्दल.

डॉक्टर पटले त्या सोमवारी म्हणाले होते, "बंद करा ते खेळणं. सिस्टर, तुमचं कार्डशीट लावा." मी मान खाली घातली. मला वाटलं कुंता सिस्टर लगेच कपाटाकडे जातील. त्या जागच्या हलल्या नाहीत. म्हणाल्या, "कार्डशीट लावतो. पण हेही राहू द्या. माया कार्डशीटवर गेल्या दिवाळीत दोन मंगळवार होते, तुमाले आठवत नाई." डॉक्टरांना आठवलं असावं, कारण ते खोकले. रंजू उभी राहिली, म्हणाली, "एकतीसचा खाना नोता म्हणून मी गेली. खाना टाका. झालं." एवढीच मीटिंग.

आता बेचाळीस चौकोन आहेत, सहा ओळी. सहावी बहुतेक महिने रिकामी राहते. रिता म्हणाली, कायले ठेवली? मी म्हटलं, राहू दे.

आणि ऐक. बाबा रोज संध्याकाळी माझा मोबाईल मागतात. मला वाटलं बातम्या पाहतात. ते कॅलेंडर चाळतात! वरचा बाण दाबत पुढच्या महिन्यांत जातात. ऑक्टोबर, नोव्हेंबर, पार पुढच्या वर्षात. कोणत्या महिन्याला सहावी ओळ लागते ते पाहतात. काल मला हाक मारली, "रीना, हे पाय. पुढल्या सालचा फेब्रुवारी. रविवारी सुरू, शनिवारी खतम. चार ओळी, एक खाना रिकामा नाई. घडी घातल्यावानी." मी म्हटलं, असं नेहमी होत नाही ना? म्हणाले, "नाईच होत. म्हणून त पाहून राहिलो."

जवाहरनगरला फॅक्टरीची बस चालवताना ते तीन पाळ्यांत जायचे, आठवतं? आपल्याला कधीच कळायचं नाही ते कोणत्या वेळी झोपलेले असतील. मी विचारलं, तेव्हा तुम्ही कसं लक्षात ठेवायचे? म्हणाले, "तुई माय ठेवे."

तुझं पत्र मी त्यांना वाचून दाखवलं. सगळं. तू लिहिलंस, "दुःखाने नाही गेलो. आई गेल्यावर वर्षभर मी एकही क्षण मोकळा राहू दिला नाही आणि मग मला कुतूहल वाटलं, की सगळं काढून घेतलं तर माझ्यात काय उरतं. ते पाहायला आलो. अजून पाहतो आहे. तुझी फी त्या आठवड्यात होती हे मला माहीत नव्हतं. बाबांना मी नीट सांगू शकलो नाही, कारण मलाच नीट ठाऊक नव्हतं."

बाबांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "काय उरते ते पाहाले गेला. घरी बसून नसतं पाहता आलं?" मी म्हटलं, बाबा, घरी रोज कोणीतरी हाक मारतं. त्यांनी पत्र माझ्या हातातून घेऊन त्याची घडी घातली. नंतर म्हणाले, "सापडलं का इचार त्याले."

तर विचारते. सापडलं का?

माझा राग गेला का, असं तू विचारलंस. थोडा आहे. पण मला आता तुझ्यावर रागापेक्षा नवल जास्त वाटतं. हेही कमी नाही.

तुझी,
रीना


तुमसर, १२ ऑक्टोबर

प्रिय दादा,

तुमचा वर्षावास संपला असेल. आता तुम्हाला प्रवासाची मुभा असते असं विहारात ऐकलं. मी काही सुचवत नाही, ऐकलं ते लिहिलं.

मोठी बातमी: बाबा आमच्या रोस्टरवर आहेत. त्या रविवारनंतर डॉक्टरांच्या मनात आलं की रात्री सुटणाऱ्या आणि रात्री लागणाऱ्या सिस्टरना ने-आण करायला गाडी हवी. भैय्यालालकाकांची व्हॅन दवाखान्याने महिन्याने घेतली. चालवणार कोण? रंजू म्हणाली, "ते एकोडीवाले बाबा." घरी येऊन सांगितलं तर बाबा म्हणाले, "मी रिटायर हाय." दुसऱ्या दिवशी सकाळी दाढी करून तयार बसले.

माणसांच्या तक्त्यात मी नवीन ओळ टाकली. नाव, यादोराव. काम, वाहन. रंग कोणता द्यायचा? हिरवा, लाल, निळा गेले. बाबा म्हणाले, पिवळा दे, बसवाला. आता रोज ते आपला पिवळा ठिपका उघडून पाहतात, जणू रात्रीत कोणी उचलून नेईल.

गाडीत ते सिस्टरना फार प्रश्न विचारतात. बाळाला पहिल्यांदा रडवावं काहून लागते? रक्ताचे गट किती? कुंता सिस्टर वैतागून म्हणाल्या, "तुमचे बाबा मले रोज परीक्षेले बसवते." पण पुढच्या सीटवर त्याच बसतात.

नागपूरला बहुतेक पुढच्या वर्षी जाईन. कुंता सिस्टरनी स्वतःच अर्जाची चौकशी केली. मग कॅलेंडर कोण पाहील? रिता शिकते आहे. तिने परवा चुकून सगळ्या महिन्यांना गुलाबी करून टाकलं.

तू अजून उत्तर दिलं नाहीस. सापडलं का?

रीना


तुमसर, ३० नोव्हेंबर, रविवार

प्रिय दादा,

आज सहाव्या ओळीतला दिवस आहे. नोव्हेंबर शनिवारी सुरू झाला, म्हणून तीस तारीख एकटीच खाली आली. सकाळी उठून आधी तेच पाहिलं. होती. रंजूची दुपार, तिच्या लाल रंगात. दोन वाजता ती वॉर्डात उभी होती आणि माझ्याकडे पाहून तिने नुसती भुवई उडवली.

तुझं उत्तर मिळालं. "सापडलं असं म्हणता येणार नाही. पण पाहणं कमी भीतीचं झालं आहे." मी बाबांना वाचून दाखवलं. त्यांनी पुन्हा वाचायला लावलं. मग म्हणाले, "भीतीचं होतं त सांगाव न. मले काय वाटलं, आमी नकोसे झालो." त्यांनी तोंड फिरवलं. मी मोबाईलमध्ये उगाच काहीतरी शोधत राहिले.

तू पत्राच्या शेवटी लिहिलंस की तुला डिसेंबरात यायची परवानगी मिळू शकते, पण बाबांना संकोच होत असेल तर येणार नाही. हे मी वाचून दाखवलं नाही. कसं दाखवावं कळेना. चार दिवस ते पत्र माझ्या पर्समध्ये होतं.

आणि काल हे झालं. मी कॅलेंडरमध्ये नवीन भाग जोडला आहे. रजा हवी असेल तर आपल्या तारखेवर बोट ठेवायचं, अर्ज उघडतो, कधीपासून, कधीपर्यंत, कारण. कारण लिहिल्याशिवाय पुढे जाता येत नाही, कुंता सिस्टरची अट. सगळ्यांना सांगितलं, एकेक खोटा अर्ज भरून पाहा, चालतं का. रिताने लिहिलं, "डोकं दुखते." रंजूने लिहिलं, "मासे खाणे." संध्याकाळी मी मंजुरीची यादी उघडली तर तिसरा अर्ज होता. यादोराव, वाहन. १४ डिसेंबर ते २१ डिसेंबर. कारणाच्या जागी, एका बोटाने टाईप केलेलं, काना-मात्रा चुकलेलं:

"मुलाले भेटाले जाने."

मी बाहेर आले. बाबा अंगणात व्हॅनची काच पुसत होते.

"बाबा, हा खोटा अर्ज आहे ना? परीक्षेचा?"

"नाई."

"तिकडे जाणार तुम्ही? एवढ्या दूर?"

"तो येऊन राहिला का?"

मग मी पर्समधलं पत्र काढून त्यांना सगळं वाचून दाखवलं, संकोचाचंही. त्यांनी फडकं पिळलं. म्हणाले, "त्यानं कायले यावं? मी पाहतो न कसा रायते, काय खाते. तो काय पाहून राहिला ते मलेही पाहू दे."

मी धीर करून विचारलं, "आणि पाया पडायचं?"

"ते तिथं गेल्यावर. तिथले सारे पडत असतील त पडीन. त्याले लाज वाटली त तो पाहील." मग काचेवर पुन्हा फडकं फिरवत म्हणाले, "तू आधी रजा मंजूर कर. तुयाच हातात हाय न?"

माझ्याच हातात आहे. पण बदली माणूस मिळाल्याशिवाय अर्ज पुढे सरकत नाही, असं मीच सूत्र घातलं आहे. भैय्यालालकाका आठ दिवस व्हॅन चालवायला तयार झाले. कुंता सिस्टर म्हणाल्या, तेवढे दिवस त्या मागच्या सीटवर बसतील. मग मी बटण दाबलं. पिवळे ठिपके त्या तारखांवरून निघून गेले.

तेव्हा आता तूच सांग. स्टेशनवरून विहारापर्यंत गाडी मिळते की चालावं लागतं? त्यांचा उजवा गुडघा दुखतो, हे तुला माहीत नसेल. तिकडे डिसेंबरात थंडी किती पडते? साधा स्वेटर पुरेल की जाड घेऊ? आणि पाहुण्याला तिथे किती दिवस राहू देतात? अर्जात त्यांनी आठच दिवस लिहिले आहेत, पण मला त्यांचा भरवसा नाही.

तुझी,
रीना